रियाजाची जुनी रेकॉर्डिंग ऐकायला छोटा म्युझिक प्लेअर कोणता घ्यावा? (मोबाईल नकोय)

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी, वडिलांसाठी प्लेअर घ्यायचाय, वय ७१. त्यांच्याकडे गुरुजींच्या तालमीच्या आणि रेडिओवरून घेतलेल्या मैफिलींच्या भरपूर कॅसेट आहेत, त्या सगळ्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात, एका बाजूची एक फाईल म्हणजे साधारण ४५ मिनिटं. मोबाईलवर टाकून दिल्या होत्या पण विलंबित रंगात आलेलं असताना फोन वाजतो, नाहीतर व्हॉट्सॲपचं टिंग, आणि परत ती जागा शोधण्यात त्यांचा मूडच जातो. कारवां वगैरे आधीच गाणी भरलेले सेट नकोत, त्यांना स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकायचंय. बटणं हवीत, अक्षर मोठं हवं, रागाचं नाव मराठीत दिसलं तर फारच छान. बजेट १०, ताणून १५ हजार. कोणता बघू?

फ्लॅकवाला:
सगळ्यात आधी एक सांगतो, जाहिरातीतल्या ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, डीएसडी या आकड्यांकडे बघूच नका. सीडीसुद्धा १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचीच असते आणि कॅसेटमध्ये तर त्याहून कमीच माल असतो, वर टेपचा हिस्स (मागची सततची खरखर). तुमच्या कामाला भारी चिपपेक्षा रिझ्यूम महत्त्वाचा. ४५ मिनिटांची फाईल २८व्या मिनिटाला बंद केली, मधे दुसरं काही ऐकलं आणि परत आलात तर तिथूनच सुरू व्हायला हवी. बरेच प्लेअर फक्त शेवटची वाजलेली फाईल लक्षात ठेवतात, दुसरीवर गेलं की पहिलीचं सगळं पुसलं जातं. दुकानदाराला हे नुसतं विचारू नका, समोर करून बघा. दुसरं म्हणजे ए-बी रिपीट, एखादी तान पुन्हा पुन्हा ऐकायची असेल तर तेवढाच तुकडा फिरत राहतो, गाणाऱ्या माणसाला याच्यासारखी सोय नाही.

आयपॉड २०२२ला बंद झाला, आता मिळतो तो सेकंडहँड आणि बॅटरी जुनी. जुन्या आयपॉड क्लासिकवर रॉकबॉक्स हे प्लेअरसाठीचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की बुकमार्क वगैरे झकास चालतं, पण ते करणारा माणूस घरात हवा. नवीन पाहिजे तर फिओ कंपनीचा स्नोस्काय एको मिनी बजेटात बसेल, बटणं आहेत पण स्क्रीन अगदी छोटी, ७१ वर्षांच्या डोळ्यांना दाखवून मगच घ्या. सोनीचा ए-३०६ अँड्रॉइडवर चालतो, चांगला आहे पण तुमच्या बजेटच्या बराच वर जाईल.

जुनाटेप:
प्लेअरच्या आधी फाईल्स तपासा प्लीज!! कॅसेट ४.७६ सेंटीमीटर सेकंदाला या वेगाने फिरायला हवी, डेकचा बेल्ट सैल झालेला असेल तर ती हळू फिरते आणि सूर उतरतो. साधारण ६ टक्के फरक पडला की अख्खा अर्धा स्वर खाली. वडिलांना विचारा गुरुजी कोणत्या पट्टीत गायचे, तानपुरा त्या पट्टीत लावा आणि फाईलचा षड्ज (सा) जुळतोय का बघा. नसेल तर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चेंज स्पीड अँड पिच वापरा, नुसतं चेंज पिच नाही, कारण डेक हळू फिरला तेव्हा लयसुद्धा तेवढीच ढिली झालेली असते, दोन्ही एकत्रच दुरुस्त व्हायला हवं. मूळ फाईल फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणारा फॉरमॅट) ठेवा आणि प्लेअरसाठी त्याची ३२० केबीपीएस एमपी३ कॉपी करा, ९० मिनिटांच्या कॅसेटला साधारण २१६ एमबी लागतात, म्हणजे १५० कॅसेट ३२ जीबीच्या आसपास. ६४ जीबीचं मेमरी कार्ड पुष्कळ झालं.

सांगलीकर:
मराठी नावांचं मी सांगतो कारण यात भले भले प्लेअर मार खातात. काहींवर नुसते चौकोन दिसतात, काहींवर अक्षरं येतात पण "बिहाग"मधली वेलांटी ब सोडून पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात, "मुलतानी" नीट दिसेल पण "चंद्रकंस"ची वाट लागेल. अँड्रॉइडवाल्यांवर हा प्रॉब्लेम येत नाही. कार्डावर अशा अवघड नावांच्या चार-पाच फाईल्स टाकून दुकानात घेऊन जा. आणि नावाआधी ००१, ००२ असे आकडे घाला, स्वस्तातले काही प्लेअर नावाप्रमाणे न लावता ज्या क्रमाने कॉपी केलं त्याच क्रमाने वाजवतात, मग पहिल्या बाजूच्या आधी दुसरी वाजते.

विलंबित_एकताल:
माझं मत जरा वेगळं. घरात इअरफोनचा ३.५ मिमी जॅक असलेला जुना अँड्रॉइड फोन पडलाय का? सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, सगळी ॲप उडवा आणि ऑडिओबुक ऐकायचं एखादं ॲप टाका. ही ॲप प्रत्येक पुस्तकाची जागा वेगवेगळी लक्षात ठेवतात, म्हणून प्रत्येक कॅसेटचा वेगळा फोल्डर करायचा. सूर न बदलता वेग कमी करता येतो, अक्षर हवं तेवढं मोठं, मराठी व्यवस्थित. बटणाचं म्हणाल तर वायरवाल्या इअरफोनचं बटण दाबून थांबवता येतं.

मंद्रसप्तक:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी दुकानात सांगितलं नसतं. @जुनाटेप, दोन फाईल्स आत्ताच तानपुऱ्यावर लावून बघितल्या, त्यातली एक पेटीवरच्या काळी एक आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी आहे, ती दुरुस्त करते. @विलंबित_एकताल, जुना फोन आहे पण बॅटरी फुगलीय म्हणून तो नको. आधी एको मिनी बाबांच्या हातात देऊन बघते, अक्षर वाचता आलं नाही तर साधा अँड्रॉइड फोन जॅकवाला नवाच घेऊन सिमशिवाय देईन. कार्ड कोणतं घेऊ?

फ्लॅकवाला:
नावाजलेल्या कंपनीचं आणि बिल देणाऱ्या दुकानातूनच, खोटी कार्डं खूप आहेत, ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि ८ भरलं की पुढच्या फाईल्स खराब. आल्याआल्या एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. आणि ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, जुना प्लेअर घेतलात तर तो ते वाचतो का ते बघा, नाहीतर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावं लागेल. फ्लॅकच्या मूळ फाईल्स दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी, आणि कॅसेट अजिबात टाकू नका, चांगला डेक मिळाला तर त्या परत उतरवता येतील.