लग्नाचा मेकअप आणि केस : भरवशाची व्यक्ती कशी शोधलीत? अनुभव सांगा

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि मेकअप-केसांसाठी कुणाला बोलवायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. फोटो आणि रील बघून डोळे शिणले. सगळेच चेहरे गुळगुळीत, सगळ्यांची त्वचा एकसारखी चमकणारी. त्यात ब्रशचं काम किती आणि फिल्टरचं किती, हे काही केल्या कळत नाही. बरं, कपडे सैल झाले तर आदल्या दिवशी टीप मारता येते, मेकअपचं तसं नाही. तो थेट त्या दिवशीच दिसणार.

म्हणून तुम्हाला विचारते. पहिल्या भेटीत काय विचारलंत, शंका कुठे आली, विश्वास कशावरून बसला? कुणाचं नाव-गाव नको, फक्त काय घडलं ते लिहा. बहिणीचा रंग सावळा आहे, त्वचा नाजूक आहे आणि केस दाट कुरळे. या तिन्हींबद्दल कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

* * *

मी सावळी, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पहिल्या ठिकाणी खुर्चीत बसल्या बसल्या ऐकलं, "दोन शेड उजळ करू, फोटोत छान येतं." मी विचारलंही नव्हतं. तिथून आभार मानून उठले.

दुसऱ्या बाईंनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. जबड्याच्या कडेला फाउंडेशनच्या तीन शेडच्या रेघा ओढल्या, मला खिडकीशी नेलं आणि थोडा वेळ थांबायला सांगितलं, कारण काही फाउंडेशनचा रंग वाळल्यावर गडद किंवा नारिंगी होतो. मग कपड्यांचा गळा किती खोल आहे, बाह्या किती आहेत ते विचारलं. मान, कान आणि हात उघडे राहणार असतील तर तेही चेहऱ्याशी जुळले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. फोटोत मी मीच दिसते, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं होतं.

बहिणीच्या रंगाच्या मुलींचे फोटो जरूर मागा. शेजारी शेजारी ठेवलेल्या सगळ्या मुली एकाच रंगाच्या दिसत असतील, तर त्या हाताला एकच रंग येतो असं खुशाल समजा.

* * *

नाजूक त्वचेबद्दल लिहिते. मला एक्झिमा आहे. जिने "माझ्याकडे सगळं ब्रँडेड आहे, काही होत नाही" असं सांगितलं, तिच्याकडे मी परत गेले नाही. ब्रँडचा आणि ॲलर्जीचा काय संबंध? त्वचेला काय चालत नाही ते त्वचाच ठरवते.

जिला निवडलं तिने कुठली औषधं चालू आहेत, रेटिनॉलचं (मुरुम-सुरकुत्यांसाठी लावतात ते) क्रीम लावते का, हे आधी विचारलं. (रेटिनॉल चालू असताना वॅक्सिंग केलं तर त्वचा सोलवटू शकते, म्हणून ते क्रीम आधीपासून बंद ठेवावं लागतं.) मग प्रायमर, फाउंडेशन आणि पापण्यांचा गोंद यांचे छोटे ठिपके कोपराच्या आतल्या बाजूला लावले आणि ४८ तास वाट बघायला सांगितली. दुसऱ्या दिवशी गोंदाच्या जागी खाज सुटली. अशा काही गोंदांत लेटेक्स असतं. तिने काही कुरकुर न करता बिनलेटेक्सचा गोंद आणला आणि त्याचीही चाचणी केली.

केस रंगवणार असाल तर तिथेही हेच. बऱ्याच गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी उशिरा दिसते, आणि आधी कधी झाली नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नसतं. शेवटच्या आठवड्यात नवीन फेशियल तर अजिबात करू देऊ नका.

* * *

मी स्वतः हे काम करते, तेव्हा खुर्चीच्या पलीकडून सांगते.

आमचा अल्बम नंतर बघा, आधी आमची पेटी बघा. लिपस्टिक थेट ओठांना लावते की स्पॅच्युलाने खरवडून पॅलेटवर घेते? मस्काऱ्यासाठी प्रत्येकीला वेगळी, टाकून द्यायची कांडी वापरते का, आणि तीच कांडी पुन्हा नळीत बुडवत नाही ना? काजळाची पेन्सिल दोन जणींच्या मध्ये तासते का? स्पंज नवा आहे का? डोळे येणं, ओठांवरची नागीण या गोष्टी एकमेकींचं सामान वापरल्याने पसरतात. घरातल्या पाच-सहा जणी ओळीने एकाच ब्रशखाली बसल्या तर काय होईल, विचार करा. डब्यांवर उघड्या बरणीचं चित्र असतं आणि त्यात १२एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा तर साधारण तीन महिन्यांत बदलावा. हे सगळं विचारा. नीट काम करणाऱ्या बाईला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

दुसरं फोटोंचं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि वरून सिलिका पावडर जास्त झाली, तर आरशात सगळं छान दिसतं आणि फ्लॅश पडला की चेहरा पांढराफटक येतो. म्हणून ट्रायलच्या दिवशी खिडकीच्या उजेडात एक आणि फ्लॅश मारून एक असे दोन्ही फोटो घरच्याच फोनवर काढा, फिल्टर बंद ठेवून.

आणि एअरब्रश. "एअरब्रश करता ना?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो, जणू ती हमीच आहे. ती फक्त पातळ थर फवारायची पद्धत आहे. त्वचा कोरडी, पापुद्रे सुटणारी असेल तर ते पापुद्रे जास्त उठून दिसतात, आणि डोळ्यांतून पाणी आलं की पडलेला ओघळ दुरुस्त करणं अवघड जातं. मी अशा मुलींना सरळ नाही म्हणते. जी प्रत्येक मागणीला हो म्हणते, तिच्याबद्दल मला काळजी वाटते.

तुम्हीही आम्हाला सांगा : दमा असेल तर (हेअरस्प्रेचा त्रास होतो), पिनांनी डोकं दुखत असेल तर, लेन्स लावत असाल तर. लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या.

* * *

ट्रायलला अनुमोदन. पण ट्रायल करून तासाभरात तोंड धुऊ नका, तो मेकअप दिवसभर वागवा. मी सकाळी करून घेतला आणि रात्रीपर्यंत तशीच वावरले, जेवले, उन्हात गेले. मेकअप टिकला, केस मात्र दुपारीच सुटले. माझे केस सरळ आणि निसटते आहेत. त्यावर केस आदल्या दिवशी धुवायचे, मुळांना कंडिशनर लावायचा नाही आणि बटा गार होईपर्यंत पिनांत गुंडाळलेल्या ठेवायच्या, असं ठरलं. लग्नात शेवटपर्यंत हललं नाही काही.

ट्रायलला जाताना लग्नाच्या कपड्यांच्या रंगाचं आणि तशाच गळ्याचं काहीतरी घाला.

* * *

कुरळ्या केसांची मी! ज्या ज्या ठिकाणी गेले तिथे पहिलं वाक्य ठरलेलं : "आधी इस्त्री करून घेऊ, मग बघू." एकीने तर आधी पार्लरमध्ये जाऊन कायमचे सरळच करून या, असं सुचवलं. त्यातल्या काही उपचारांतून फॉर्मल्डिहाइड नावाचा घातक वायू बाहेर पडतो, तेव्हा लग्नाच्या तोंडावर तो प्रयोग मला नको होता.

शेवटी जी भेटली तिने विचारलं, "कुरळेच ठेवायचेत ना?" मला तिथल्या तिथे रडू आलं, खरंच. तिने कोरड्या केसांत ब्रश घातला नाही. बोटांनी भाग पाडले, जिथे केस चिकटून बसले होते तिथल्याच काही बटा पुन्हा ओल्या करून वळवल्या. दाट कुरळे केस वाळायला किती वेळ लागतो हे तिला माहीत होतं, म्हणून आदल्या दिवशीच धुवायला सांगितले. ओलसर केसांवर गरम इस्त्री फिरवली तर केस आतून तडकतात हेही तिनेच सांगितलं. बहिणीसाठी कुरळ्या केसांच्या मुलींचे फोटो मागा, आणि पाठीमागून काढलेलेही मागा.

* * *

लेखी घ्या, लेखी घ्या, लेखी घ्या.

ताईच्या लग्नात जिला ठरवलं ती आलीच नाही. तिने त्याच वेळेचं दुसरं काम घेतलं होतं आणि आमच्याकडे असिस्टंटला पाठवलं. त्या मुलीला आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं, तिनेही ताईला पाहिलं नव्हतं. पावतीवर फक्त "मेकअप व हेअर" एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

माझ्या वेळी बाबांनी कागदच तयार केला. ब्रश कुणाच्या हातात असेल त्या व्यक्तीचं नाव, पोहोचायची वेळ, किती जणींचं करायचं, टच-अपला कोण थांबणार, ती आजारी पडली तर कोण येणार, कार्यक्रम पुढे गेला किंवा रद्द झाला तर ॲडव्हान्सचं काय. तिने वाचून दोन मुद्दे स्वतःहून वाढवले, आणि तिथेच आमचं ठरलं.

वेळेचं गणित उलटीकडून मांडा. नवरीला केसांसकट दीड-दोन तास, बाकीच्यांना प्रत्येकी पाऊण तास धरला, तर एकटी बाई सकाळभरात किती जणींना पुरेल?

* * *

जिला ठरवताय तिच्या अल्बममधला एखादा फोटो घेऊन इंटरनेटवर तो फोटो टाकून शोधा. आम्ही शोधला तर तो दुसऱ्याच कुणाच्या पानावर, बराच आधी टाकलेला सापडला. तिथेच विषय संपला. तिने स्वतः टाकलेल्या फोटोंपेक्षा नवऱ्या मुलींनी टाकलेले फोटो बघा.

* * *

नवरीच्या आईचंही कुणीतरी बघा हो. माझ्या डोळ्यांखाली पावडरचा असा थर दिला की हसले की सुरकुत्यांत रेघा पडायच्या. धाकटीच्या वेळी दुसरी मुलगी होती. तिने पावडर जवळजवळ लावलीच नाही, आणि चष्मा घालूनच आरशात बघायला लावलं, कारण दिवसभर मी चष्म्यातच असणार होते.

* * *

केमो संपून काही महिने झाले होते तेव्हा माझं लग्न झालं. भुवया अर्ध्या, पापण्या नुकत्याच उगवत होत्या, डोक्यावर बोटभर केस. दोघींनी फोनवरच "बघू, काहीतरी करू" म्हटलं. तिसरीने भेटायला बोलावलं, दार लावून घेतलं आणि डोक्याला हात लावू का, असं विचारलं. खोट्या पापण्या लावणार नाही म्हणाली, कारण गोंद काढताना नवीन उगवलेल्या निघतील. त्याऐवजी वरच्या कडेला बारीक ठिपक्यांनी लायनर भरलं. भुवयांचा एकेक केस पेन्सिलने रेखला. विग वापरायचा की नाही हे माझ्यावर सोडलं, आणि ट्रायलला दोन्ही करून दाखवलं. मी बोटभर केसच ठेवले. टाळू हुळहुळी होती म्हणून तिने एकही पिन लावली नाही, स्प्रेही मारला नाही, थोडं क्रीम हातावर चोळून केसांना दिशा दिली. डॉक्टरांना विचारून ये, असं तिनेच सांगितलं होतं, आणि ट्रायलची तारीख डॉक्टरांचं उत्तर आल्यावरच ठरवली.