मदत हवी आहे: कसब्यातला वाडा पाडण्याआधी काय काय नोंदवून ठेवावं?

नमस्कार मंडळी. पुण्याच्या कसबा पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. घरं खरंच पडायला आली आहेत. तुळया वाळवीने पोखरल्यात, स्वच्छतागृह सामाईक आहे, म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत. त्यामुळे नवी इमारत हवीच. मालक आणि भाडेकरू सगळ्यांची संमतीही झाली आहे.

पण नकाशात चौक नाही. तळमजल्यावर नुसतं पार्किंग. आमचं सगळं सामाईक जगणं त्या चौकातच झालं: मंगळागौर, मुलांचे किल्ले, पापड वाळवणं, १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगत बसलेली वडीलधारी माणसं. कात्रजहून नळाने आलेलं पाणी पेशवाईत शहरातल्या हौदांत खेळत होतं. आमच्या चौकातही एक जुना हौद आहे, त्या व्यवस्थेतलाच का, हे समजून घ्यायचंय. शेजारी तांबट आळीचा ठोक्यांचा आवाज. माणसं परत येतीलही, पण बंद दारांच्या मजल्यांवर शेजार टिकेल का, ही मला खरी काळजी वाटते.

वाड्याची मोजमापं घेऊन आराखडे करून देणारे वास्तुकलेचे विद्यार्थी किंवा शिक्षक कुणाच्या ओळखीत आहेत का? कोरीव खांब आणि दिंडी दरवाजा नव्या इमारतीत बसवून घेतलाय असं कुणाचं उदाहरण? आणि मुख्य म्हणजे, सामाईक अंगणाची अट विकसन करारात कशा शब्दांत घालून घेतलीत? करारावर सह्या व्हायच्यात, म्हणून लवकर कळवा.