प्रतिसाद: जिद्द आहे, बसभाडं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की वस्तीतल्या पोरांना फुकट कोर्स मिळतात, तरी महिन्याभरात काम सोडतात, म्हणजे जिद्दच नाही. सोडतात, हे खरं. पुढचं मला पटत नाही.

मी दर रविवारी अशा काही मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेतो. वेल्डिंगमध्ये हात साफ असलेला एक पोट्टा "स्वतःबद्दल सांग" म्हटलं की चपलेकडे बघायचा. महत्प्रयासानं बोलता झाला, नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागला. अकराव्या दिवशी घरी! पहिला पगार महिन्यानं, आणि मोरभवन बसस्टँडहून तीसेक किलोमीटर जायचं-यायचं भाडं रोज उसनं. आईनं हात टेकले. तेव्हापासून आम्ही पहिल्या महिन्याच्या भाड्यासाठी वर्गणी काढतो. आमच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गापेक्षा (तो मीच घ्यायचो, म्हणून बोलतो) याचा उपयोग जास्त झाला.

बोलायची भीड मात्र वर्गात बसवून मोडत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, तो आपल्याच नागपुरात. मैदानावर ओरडून पास मागणारा पोरगा साहेबासमोर निदान मान तरी वर ठेवतो.

आणि हो, ओळखीत कारखानदार असेल तर सांगा: २०१६ पासूनच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा केंद्र सरकार उचलतं. हिंगण्याकडे कुणी घेत असेल तर माझ्याकडे आत्ता तीन फिटर आहेत.