नुसती जाडी पुरत नाही
मातीची भिंत दीड फूट जाड घेतली की घर आपोआप गार, असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. माती उष्णता अडवण्यापेक्षा साठवते आणि उशिरा सोडते. एवढ्या जाडीतून दुपारची धग आत पोचायला साधारण 10 ते 12 तास लागतात, म्हणजे ती ऐन मध्यरात्री खोलीत उतरते. तेव्हा खिडक्या बंद असल्या तर भिंत निवतच नाही आणि उष्मा दिवसागणिक साचत जातो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या आणि वरचा झरोका उघडायचा, सकाळी बाहेर तापायच्या आत सगळं बंद. दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नसलेल्या दमट हवेत मात्र जाडीवर खर्च करू नये. तिथे सावली आणि वारा जास्त कामाला येतात.

आणि छताला विसरून चालणार नाही! वर उघडा पत्रा असेल तर भिंतीची सगळी मेहनत वाया, कारण तापलेला पत्रा थेट डोक्यावर उष्णता फेकतो. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून फळ्यांचं किंवा बांबूच्या तट्ट्यांचं आतलं छत घाला, पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवा. ती बुजवली तर गरम हवा तिथेच कोंडते.