क्लिंटनचं सिगारचं दुकान घ्यावं का? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

पराग: सगळ्यांना नमस्कार. न्यू जर्सीत क्लिंटनला, आय-७८ हायवेजवळ, एक सिगारचं दुकान विकायला आलंय. १,४०० चौरस फूट, आत वॉक-इन ह्युमिडॉर (सिगार योग्य ओलाव्यात ठेवायची खोली), मागे बसून ओढायला लाउंज. वर्षाची विक्री ३,८०,००० डॉलर. किंमत १,६०,००० सांगतायत, माल वेगळा. तो ९५,००० चा आहे म्हणे. भाडं महिना ३,८००, करार अजून दोन वर्षं. ब्रोकर म्हणतो, मालावर ५० टक्के सुटतात. श्वेता आणि मी विचार करतोय. घ्यावं का?

निमाआत्या: ५० टक्के हा आकडा न्यू जर्सीचा नाही, पेनसिल्व्हेनियाचा आहे. ठोक भाव ५ डॉलर असलेली सिगार कंपनीच्या शिफारशीप्रमाणे १० ला विकतात, तिथून तो आला. न्यू जर्सीत सिगारवर ठोक भावाच्या ३० टक्के कर आहे. म्हणजे तुला ती साडेसहाला पडते. १० लाच विकलीस तर साडेतीन सुटतात, ३५ टक्के. कर गिऱ्हाइकावर टाकलास तर साडेअकरा लावावे लागतील.

सुहासकाका: आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात मोठ्या सिगारवर असा कर नाहीच. म्हणून तर टपालाने सिगार विकणारी मोठी दुकानं तिकडे वाढली. फेमस स्मोक शॉप ईस्टनला, सिगार्स इंटरनॅशनल बेथलेहेमला, होल्ट्स फिलाडेल्फियात. क्लिंटनहून ईस्टन अर्ध्या तासावर, तेही सरळ हायवेने. २० ची पेटी घे. तिकडे १० च्या भावाने आणि ६ टक्के विक्रीकर धरून २१२ डॉलर. इकडे साडेअकराच्या भावाने आणि ६.६२५ टक्के धरून २४५. एका पेटीमागे ३३ डॉलर. पेटी घेणारं गिऱ्हाईक पुलाचा टोल भरूनही तिकडे जातं. तुझ्याकडे राहतो तो एकदोन सिगार घेऊन तिथेच बसणारा. त्यामुळे या दुकानाचा जीव लाउंजमध्ये आहे, पेट्यांत नाही.

पराग: काका, लाउंज चालू आहे, पण कायद्याने तो तसाच चालू ठेवता येतो ना?

सुहासकाका: येतो, पण अटीवर. २००६ च्या न्यू जर्सीच्या धूम्रपानबंदी कायद्यात तंबाखूच्या दुकानाला सूट आहे. किरकोळ विक्रीतला किमान ५१ टक्के धंदा तंबाखू आणि त्याच्या साहित्याचा हवा, बाकी सगळं नावापुरतं. त्यामुळे उद्या लॉटरी, कोल्ड्रिंक, व्हेप घालून गल्ला वाढवू म्हणशील तर तो हिशेब सांभाळून. दुसरी अट जास्त अवघड. धूर शेजारच्या बंद जागेत जाता कामा नये.

केदारदादा: हे आधी बघ. स्ट्रिप मॉलमध्ये बऱ्याचदा दोन गाळ्यांमधली भिंत खोट्या छतापर्यंतच असते, वरची पोकळी सगळ्यांची एकच. धूर तिथून शेजारी जातो. शेजारी सलून किंवा डॉक्टर असेल तर वर्षभरात तक्रार ठरलेली. छताची एक फरशी उचलून टॉर्च मार. भिंत वरच्या डेकपर्यंत, म्हणजे खऱ्या छतापर्यंत, गेली आहे का आणि एसीचं युनिट स्वतंत्र आहे का ते दिसेल. लाउंजमधून बाहेर फेकली जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा जास्त हवी, म्हणजे दार उघडलं की हवा दुकानाकडून लाउंजकडे जाते. अगरबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धर, लगेच कळतं.

श्वेता: केदारदादा, गल्ल्यावर रोज दहा तास मीच असणार. यंत्राने माझ्यापुरता धूर पूर्ण जाईल का?

केदारदादा: नाही. हवा कितीही बदलली तरी जोखीम शून्य होत नाही. अॅश्रे या हवा-तंत्रज्ञांच्या संस्थेची भूमिकाही तीच आहे. कमी करता येते. गल्ला वेगळ्या खोलीत, लाउंजला स्वतः बंद होणारं दार, मध्ये काच. सध्या तिथे गल्ला लाउंजमध्येच असेल तर भिंतीचा आणि पंख्याचा खर्च किमतीतून वजा करून माग.

निमाआत्या: श्वेताच गल्ल्यावर असणार, म्हणजे पराग अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच ना? मग आत्ताच लिहून ठेवते. पराग, तुला मालकी ठेवता येते. पण गल्ल्यावर बसणं, माल मागवणं, नोकरांच्या पाळ्या लावणं हे काम धरलं जातं, ते या व्हिसावर चालत नाही. शनिवार-रविवारी फुकट मदत केलीस तरीही. श्वेताकडे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरचं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आहे, तिला स्वतःचा धंदा चालवता येतो. पण ते संपलं आणि नवीन यायला उशीर झाला तर त्या दिवसापासून दुकानात कोण उभं राहणार? या एका प्रश्नाचं उत्तर हाती नसेल तर पुढचं काही बघू नकोस.

आता हिशेब. ३,८०,००० वर ३८ टक्के धरते (लायटर, कटरवर थोडं जास्त सुटतं). १,४४,४०० झाले. भाडं ४५,६००. आठवड्याला ४० तासांचा एक माणूस, करासकट ३६,००० च्या आसपास. कार्डाचे शुल्क १०,०००. वीज, विमा, अलार्म, बिलिंगचं सॉफ्टवेअर मिळून १७,०००. उरले ३५,८००. ब्रोकरच्या ५० टक्क्यांत आणि यात फरक बरोबर वर्षाच्या भाड्याइतका आहे.

पराग: म्हणजे १,६०,००० फार झाले.

निमाआत्या: साडेचार वर्षांची कमाई आधीच देतोयस. असल्या छोट्या दुकानाला मालकाच्या दोनेक वर्षांच्या कमाईवर मी जाणार नाही. ७०,००० आणि मालाचे वेगळे, तेही घरमालकाने नवीन पाच वर्षं आणि पुढच्या पाचाचा पर्याय लेखी दिला, आणि लाउंजमध्ये धूम्रपानाला करारात स्पष्ट परवानगी लिहिली तर.

सुहासकाका: मालाचंही तसंच. ९५,००० म्हणजे साडेसहाच्या सरासरीने साडेचौदा हजार सिगार, सातशेवर पेट्या. पूर्ण दिवस काढून मोजायच्या, व्यवहाराच्या आदल्या दिवशी, आणि खरेदीच्या बिलाच्या भावाने. शिफारशीच्या भावाने मोजलेला माल घेऊ नकोस. पडून राहिलेलं वेगळं काढ. उघड्या पेट्यांतल्या पाच-सात सिगार, जुनी पाकिटं, फ्लेवरवाल्या. फ्लेवरच्या सिगार बाकीच्यांसोबत ठेवल्या असतील तर शेजारच्या मालाला तो वास लागलेला असतो, मग तो कुणी घेत नाही.

आणखी एक. पाड्रोन, फुएन्टे या सिगार कंपन्यांचं माल देण्याचं खातं आपोआप तुझ्या नावावर होईल असं धरू नकोस. त्या कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधीशी सहीच्या आधी बोल. दुकानाचा तंबाखू परवानाही नव्याने काढावा लागेल.

मिलिंदमामा (निपाणी): पराग, कीड बघितलीस का? वखारीतल्या विडीच्या तंबाखूला लागतो तोच तांबूस भुंगेरा सिगारला लागतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली की समज. अंडी पानातच असतात, ऊब मिळाली की फुटतात.

सुहासकाका: मामा बरोबर सांगतायत. तापमान ६५ ते ७० फॅरनहाइट ठेवायचं, ७५ च्या वर गेलं की धोका. एका पेटीत भोक दिसलं तर ती आणि आजूबाजूच्या पेट्या पिशवीत बंद करून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. फ्रीझरमधून थेट बाहेर काढल्या तर वरचं पान तडकतं. आर्द्रता ६५ ते ७० टक्के. ७५ च्या पुढे बुरशी. पांढरा थर दिसला आणि विकणारा म्हणाला की मुरलेल्या मालावर असाच फुलोरा येतो, तर विश्वास ठेवू नकोस. ती बुरशीच धर.

केदारदादा: ह्युमिडॉरच्या भिंती स्पॅनिश सीडरच्या लाकडाच्या हव्यात. कपाटात वापरतात ते लाल वासाचं सीडर असेल तर त्याचं तेल मालात उतरतं. फळीच्या मागे बाष्परोधक पत्रा किंवा पॉलिथिन नसेल तर ओल जिप्समच्या भिंतीत जाते आणि बुरशी आतून धरते. खालच्या कोपऱ्यात भिंत दाबून बघ, मऊ लागली तर पूर्ण खोली उघडावी लागेल. ह्युमिडिफायरला साधं नळाचं पाणी घालत असतील तर फळ्यांवर पांढरी भुकटी बसलेली दिसेल. आरओ किंवा डिस्टिल्ड पाणीच हवं. हिवाळ्यात हीटिंगमुळे ह्युमिडॉरबाहेर दुकानातली हवा इतकी कोरडी होते की दाराचं रबर गळकं असेल तर यंत्र दिवसभर चालूच राहतं.

पराग: आत्या, कागदपत्रं कुठली मागू?

निमाआत्या: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, तिमाही विक्रीकराचे एसटी-५० फॉर्म आणि पुरवठादारांची सगळी बिलं. तिन्ही एकमेकांशी जुळायला हवीत. खरेदी विक्रीच्या मानाने कमी दिसली तर माल कुठून आला ते विचार. पेनसिल्व्हेनियातून कर न भरता आणला असेल तर तो ३० टक्के दुकानदाराच्या अंगावर आहे.

म्हणूनच सी-९६०० फॉर्म, म्हणजे धंदा विकला जातोय याची सूचना. व्यवहाराच्या निदान दहा कामाचे दिवस आधी तो राज्याच्या कर विभागाकडे पाठवायचा. ते किती रक्कम अडकवून ठेवायची ते कळवतात, तेवढी वकिलाच्या खात्यात राहते. फॉर्म न पाठवता सही केलीस तर विकणाऱ्याचा थकलेला राज्याचा कर तुझ्याकडून वसूल करता येतो. ब्रोकर ‘लहान व्यवहार आहे, गरज नाही’ म्हणाला तरी ऐकू नकोस. मालावर कुणा बँकेचा बोजा आहे का तेही वकिलाला शोधायला सांग.

श्वेता: शनिवारी बघायला जातोय. सोबत काय नेऊ?

सुहासकाका: टॉर्च, अगरबत्ती आणि स्वतःचा आर्द्रतामापक, त्यांच्या भिंतीवरचा बघू नका. आदल्या रात्री बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं ओलं करा, विरघळवू नका. ते आणि मापक झिपच्या पिशवीत बारा तास बंद ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७२ दाखवलं तर तुमचा काटा तीनने कमी आहे. आणि मालकाला सांगून ठेवा की दुकान उघडायच्या आधी येतोय. दिवसभर दार उघडं-बंद होतं, यंत्र चालू असतं. रात्रभर बंद राहिलेल्या खोलीचा आकडाच खरा.

पराग: नऊला उघडतात. आठला पोचतो.

केदारदादा: शिडी आहे का विचार, छताची फरशी उचलायला लागेल.