सीट विकत घेतली, तर तिच्यावर चेलो बसवायला हरकत कोणाची?

मंद्रसप्तक

विमानात काहीतरी लांबलचक किंवा बेढब घेऊन चढणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मला तोंडपाठ आहे. मी चेलो वाजवते, म्हणजे बसून वाजवायचं व्हायोलिनसारखं मोठं वाद्य. पेटीसकट तो सव्वा मीटरच्या वर जातो, म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यात जाण्याचा प्रश्नच नाही. खाली सामानात टाकला तर मान तुटलेली मिळण्याची भीती. म्हणून त्याच्या नावाने दुसरं तिकीट काढायचं, कंपनीकडून आगाऊ लेखी होकार घ्यायचा आणि एवढं करून गेटवर ऐकायचं, "हे आत चालणार नाही." होकाराचा मेल दाखवला की उत्तर ठरलेलं: "तो आमच्या डिपार्टमेंटने दिलेला नाही."

माझं म्हणणं सरळ आहे. वस्तू सीटवर पट्ट्याने बांधता येते, सीटचे पैसे भरलेत, परवानगी लेखी आहे, मग ती गेटवर अडवण्याचा अधिकार कोणालाच नसावा. अमेरिकेने २०१२ च्या कायद्यात वाद्यांसाठी हे लिहून टाकलं आणि २०१५ पासून त्याचे नियम लागू आहेत. लहान वाद्य चढतेवेळी कप्प्यात जागा असेल तर न्यायचं, मोठं असेल तर पेटीसह १६५ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ किलो, वेगळ्या सीटवर. बाकीच्या देशांना काय अडचण आहे?

मधली_सीट

"कोणालाच नसावा" याला माझा ठाम विरोध. विमानाच्या सुरक्षिततेबद्दलचा शेवटचा शब्द कप्तानाचा, आणि तो तसाच राहिला पाहिजे. तुमचं तिकीट, तुमचा मेल, सगळं त्यानंतर.

४४ पेक्षा जास्त सीटचं विमान मंजूर करून घेताना कंपनीला दाखवावं लागतं की भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं, तेही निम्मे दरवाजे बंद ठेवून आणि अंधारात. चाचणीच्या वेळी वाटेत मुद्दाम बॅगा, उशा, ब्लँकेटं पसरून ठेवतात, कारण खऱ्या अपघातात ती पडणारच. एअरबस ए३८० या दुमजली विमानाच्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली. चेलो मात्र कुठल्याच चाचणीत पसरलेला नसतो.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या जपानी विमानातून ३७९ जण जिवंत उतरले ते सामान मागे सोडून. खरं सांगा, तुम्ही चेलो सोडून उतराल?

मंद्रसप्तक

उतरेन. आणि मी रडत बसले तरी इतरांची वाट अडत नाही, कारण चेलो खिडकीच्या सीटवर असतो. त्याच्या पलीकडे कोणी अडकत नाही. आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत तो बसवतच नाहीत. सीटवर सामान ठेवण्याचे अमेरिकी नियम वाचा: घट्ट बांधलेलं हवं, दरवाजाकडे जाण्याची वाट अडता कामा नये, आणि मागच्या प्रवाशाला पट्ट्याची खूण आणि बाहेर जाण्याच्या दाराची पाटी दिसली पाहिजे. ज्या गोष्टीची तुम्हाला धास्ती वाटते तिचा विचार आधीच झालाय. गेटवरच्या माणसाने ते नियम वाचलेले नसतात, एवढंच.

रिकामा_कप्पा

दोघंही चेलोवर घसरलात, खरा गोंधळ कप्प्यांत आहे. चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे लावायला सुरुवात झाल्यावर जो तो घर पाठीवर घेऊन केबिनमध्ये यायला लागला. मग शेवटच्या गटात चढणाऱ्या व्हायोलिनवाल्याला सांगतात, "जागा संपली, खाली द्या." व्हायोलिनची पेटी ८० सेंटीमीटरच्या आसपास असते. गेटजवळच्या मापाच्या चौकटीत ती नापास, पण कप्प्यात आडवी घातली की बसते आणि तिच्यावर कोट ठेवायला जागा उरते. त्या ५५ सेंटीमीटरच्या लोखंडी चौकटीला हे कोणी समजवायचं?

गणपा_तिरका

आज चेलो, उद्या मोर. थट्टा नाही करत. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत नेवार्क विमानतळावर एक प्रवासी 'मानसिक आधारासाठी' मोर घेऊन आली होती. तिचंही म्हणणं हेच, पक्ष्याचं तिकीट काढलंय. कंपनीने नेलं नाही. "पैसे भरलेत" हा मुद्दा एकदा मान्य केला की कोणाला थांबवणार? सीट म्हणजे गोदामातला भाड्याचा गाळा नव्हे.

आडवा_तिडवा

गणपा, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. मोराच्या प्रकारानंतर अमेरिकेने नियम बदलला आणि जानेवारी २०२१ पासून सेवा-प्राणी (अपंग प्रवाशाला मदत करणारा) म्हणजे फक्त प्रशिक्षित कुत्रा. वाद बराच मिटला. तिकडे आखाती देशांत शिकारी ससाणे केबिनमधून जातात, अमिरातीत तर त्यांचे पासपोर्ट निघतात, आणि तिथे कोणी भुवई उंचावत नाही. विचित्र वस्तूबद्दल नियम आधी लिहिलेला असला की ती विचित्र राहत नाही. (डोळे झाकणारी टोपी घातलेला ससाणा शेजारी गप्प बसतो म्हणतात. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही.)

वॉटअवर

आकारावर एवढी शाई सांडताय, धोका खिशात असतो. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, खाली टाकायची नाही, कारण पेटली तर निदान कोणाला दिसेल. १०० वॉट-अवरपर्यंत (हे बॅटरीतल्या ऊर्जेचं माप) वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी आणि सुट्या जास्तीत जास्त दोन, त्यापुढे बंदी. व्हीलचेअरचे नियम वेगळे. वीस हजार एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. इलेक्ट्रिक स्कूटर बहुधा चालत नाही, मग ती घडी करून कितीही छोटी होवो. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एक विमान जमिनीवरच जळालं, आणि संशय होता कप्प्यातल्या पॉवर बँकेवर. चेलोने आजवर विमान पेटवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खाली_ठेवा

एवढा जीव असेल तर चांगली फ्लाइट केस घ्या, तारा थोड्या सैल करा, आत घोडीखाली (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीखाली) फोम घाला आणि चेक-इन करा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची भरपाई मिळते.

मंद्रसप्तक

भरपाईची मर्यादा सध्या माणशी १,५१९ एसडीआर. हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बऱ्या वादकाचा नुसता गजही त्याहून महाग असतो. चेक-इन करताना जास्त मूल्य जाहीर करून वेगळी रक्कम भरायची सोय करारात आहे, पण काउंटरवर तिचं नाव काढून बघा, समोरची व्यक्ती सुपरवायझरला शोधायला जाते. शिवाय "वस्तूतच दोष होता" ही पळवाट कंपनीला आहेच. जुन्या लाकडाला ती लावायला किती वेळ लागतो?

२००८ मध्ये डेव्ह कॅरोल या कॅनेडियन गायकाची गिटार चेक-इनमध्ये मोडली. भरपाई नाकारल्यावर त्याने २००९ मध्ये त्यावर गाणं करून यूट्यूबवर टाकलं आणि कंपनीची जगभर शोभा झाली. प्रत्येकाने गाणं लिहायचं का आता?

बांबूवाला

मी पोल व्हॉल्ट, म्हणजे बांबूच्या आधाराने उंच उडी, शिकवतो. आमचा पोल चार-पाच मीटरचा, मधे जोड नाही, घडी नाही. सीट विकत घेऊन उपयोग शून्य. तो खालीच जाणार, आणि छोट्या विमानात खालीही जात नाही. बुकिंगच्या वेळी "हो हो, क्रीडासाहित्य चालतं", आणि विमानतळावर सहा पोलांचं बंडल बघितल्यावर "एवढं लांब?" स्पर्धेच्या आदल्या दिवशी खेळाडू उसन्या पोलच्या शोधात. तुमचा सीटवाला नियम आमच्या काय कामाचा?

मंद्रसप्तक

मग मागणी अशी मांडते. नकार द्यायचा तर तिकीट विकण्याआधी द्या, लांबी-रुंदी-वजन विचारून, लेखी. होकार दिलात तर तो बुकिंगवरच नोंदवा, म्हणजे गेटवरच्या स्क्रीनवर दिसेल.

मधली_सीट

या मागणीला माझी हरकत नाही. पण कप्तानाचा अधिकार त्यात बुडवू नका. डोक्यावरचे कप्पे आणि त्यातलं सामान पुढच्या दिशेने वजनाच्या ९ पट जोर आला तरी धरून राहील अशी बांधणी करावी लागते. तुमच्या पेटीचं वजन दहा किलो धरा. पट्टा ढिला असेल तर ९० किलोंचा धक्का पुढच्या रांगेतल्याच्या मानेवर. बांधलेली पेटी पाहून क्रू म्हणाला "नको", तर मेल दाखवत वाद घालू नये.

मंद्रसप्तक

पट्टा ढिला नसतो, आखूड असतो. माणसाच्या कमरेच्या मापाचा तो. पेटीभोवती फिरवायला जोडपट्टा लागतो, तो विमानात असतो, आणि मी दर वेळी चढतानाच मागते. "बघते हं" म्हणून गेलेली व्यक्ती दरवाजे बंद झाल्यावर उगवते. कप्तानाला माझा आक्षेप नाही. त्याच्यापर्यंत प्रकरण जातंच कुठे?