पंडितांच्या प्रवासात थरार नसतो, असं कुणी ठरवलं?

शाईचा डाग:
अद्भुत देशांतून पंडितांना हिंडवणाऱ्या फँटसी कादंबऱ्यांवर काल इथे एकाने हात साफ करून घेतला. 'पात्रं पोथ्या उलगडून वाद घालतात, तलवार म्यानातच गंजते, तळटीपा वाचून झोप येते.' खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. इतकी चिडचिड झाली की वेगळा धागा काढतेय.

मुळात हे देश नकाशावर आणले कुणी आणि पुसले कुणी? पंडितांनीच. ११६५ च्या सुमारास युरोपात प्रेस्टर जॉन नावाच्या राजाचं पत्र फिरू लागलं. पूर्वेकडचं अफाट ख्रिस्ती राज्य, रत्नं वाहून आणणारी नदी. पत्र बनावट, राजाही नव्हताच. तरी ११७७ मध्ये पोप तिसरा अलेक्झांडर याने त्याला उत्तर लिहिलं आणि ते घेऊन कुणाला धाडलं? सरदाराला नाही, आपल्या वैद्याला, फिलिपला. पुढे त्या फिलिपचा मागमूस नाही.

या माणसाला कादंबरीत घ्या. झोळीत पत्र आहे आणि गावोगाव नसलेल्या राजाचा रस्ता विचारत चाललाय. 'असा राजा नाही' असं कुणीच म्हणत नाही, जो तो 'अजून थोडं पुढे' म्हणतो. कुठल्या मुक्कामावर त्याला पहिली शंका येईल? परत फिरला तर पोपला काय सांगेल? राक्षस फार तर जीव घेईल. तो देशच नसला तर पंडिताचं अख्खं आयुष्य खोटं पडतं. याला थरार म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पायपीट:
कळकळ पोचली, मुद्दा पटला नाही. चिनी बौद्ध भिक्षू ह्युएनत्संग घ्या, याहून मोठा पंडित प्रवासी कोण? ६२९ ला चीनहून भारताकडे निघाला, ६४५ ला ६५७ ग्रंथ घेऊन परतला. पण १६ व्या शतकात त्याच्यावर चिनी भाषेत अद्भुत कादंबरी झाली तेव्हा भाव कोण खाऊन गेलं? वानर! भिक्षू सतत राक्षसांच्या तावडीत सापडतो आणि रडत बसतो. चारशे वर्षं लोक त्या वानरासाठी ते पुस्तक उघडतायत. त्या सगळ्यांना अक्कल नाही असं म्हणायचंय का?

उंबरठा:
तुमचं चालू द्या. माझं भांडण पहिल्या पानावरच्या नकाशाशी आहे. पंडित कादंबरीभर 'डोंगरापलीकडे काय असेल' म्हणून जीव टाकतात आणि मला ते आधीच ठाऊक असतं! अज्ञाताचा प्रवास लिहायचा तर नकाशा छापू नका. छापायचाच तर चुकीचा छापा. १७९८ मध्ये जेम्स रेनेल या इंग्रज नकाशाकाराने पश्चिम आफ्रिकेत काँग पर्वतांची लांबलचक रांग काढली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं नकाशाकार ती इमानाने उतरवत राहिले. बिंगेर नावाचा फ्रेंच अधिकारी प्रत्यक्ष तिथे हिंडला आणि १८८९ मध्ये परतून सांगितलं, असे पर्वतच नाहीत. असला नकाशा द्या, मी हात जोडीन.

पायपीट:
नकाशा काढून टाका?! लहानपणी लांबलेल्या तापात अंथरुणाला खिळलो होतो. तेव्हा एका कादंबरीच्या नकाशावर बोट ठेवून रोज पात्रांबरोबर थोडा पुढे सरकायचो. बोट नदीपाशी पोचल्याशिवाय पुढचं प्रकरण वाचायचं नाही, असा माझा नियम. आज भूगोल शिकवतो तो त्या पानापायी. तुम्हाला नको तर पान उलटा, आमच्या हातातून काढून घेऊ नका.

सातवा समुद्र:
नकाशाचा विषय निघालाच आहे तर पुराणांतली सप्तद्वीपं कुणी का घेत नाही? विष्णुपुराणात जंबुद्वीप एक लाख योजनं, पुढचं प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट. सातवं पुष्करद्वीप ६४ लाखांवर जातं. मधे उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्याचे समुद्र. आता एका गणितज्ञाला चालायला लावा. दुसऱ्या द्वीपावरच त्याला हिशेब कळतो की आयुष्य पुरणार नाही. तो तिथे शिष्य घडवायला थांबेल की तसाच पुढे जाईल? इतकी कादंबरी आयती पडलीय आणि लेखक ड्रॅगनच्या मागे!

उंबरठा:
पायपीट, तुमची आठवण हा युक्तिवाद होत नाही. नकाशावरच्या भरवशाने माणसं मेलीत. सॅनिकोव्ह नावाचा रशियन व्यापारी १८११ च्या सुमारास म्हणाला, सैबेरियाच्या उत्तरेला समुद्रात जमीन दिसली. रशियन संशोधक बॅरन टोलनेही १८८६ मध्ये ती पाहिल्याचं सांगितलं. १९०० मध्ये तो 'झार्या' जहाज घेऊन निघाला आणि १९०२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सीबेर्गसह चौघे बर्फात नाहीसे झाले. मागे टिपणं आणि दगडांचे नमुने उरले. ती जमीन कधीच सापडली नाही.

पायपीट:
आजारी पोराच्या नकाशाचा आणि टोलच्या मरणाचा काय संबंध? दर धाग्यात येऊन तुम्ही नकाशेच फाडत असता. समोरच्याचं कधी ऐकूनही घ्या!

शाईचा डाग:
दोघेही जरा थांबा, वानराचं उत्तर द्यायचं राहिलंय. त्या चिनी कादंबरीचा शेवट आठवतो का? इतका प्रवास करून पोथ्या मिळतात, वाटेत गाठोडं उघडतं आणि पानं कोरी निघतात. दक्षिणा दिली नव्हती म्हणून. मग भिक्षापात्र देऊन लिहिलेल्या पोथ्या आणाव्या लागतात. नशिबी ८१ संकटं असतात, ऐंशी होतात, एक बाकी असतं. पाठीवरून नदी पार करून देणाऱ्या कासवाने आपला एक प्रश्न बुद्धाला विचारायला सांगितलेला असतो, भिक्षू तो विसरतो आणि कासव सगळ्यांना नदीत बुडवतं. भिजलेल्या पोथ्या खडकावर वाळत घालतात, एकीची पानं खडकाला चिकटून फाटतात. खऱ्या ह्युएनत्संगच्याही काही पोथ्या सिंधू ओलांडताना वाहून गेल्या होत्या. शेवटचं संकट म्हणून लेखकाने राक्षस आणला नाही, न विचारलेला प्रश्न आणि ओली पानं आणली. आता सांगा, कादंबरी कुणाची?

पायपीट:
शेवट पंडिताचा, मान्य. पण त्या रात्री वादळात पोथ्या राखायला वानर दंड परजत उभं होतं, हे सोयीस्कर गाळलंत. ते नसतं तर सकाळी वाळवायला काय उरलं असतं? पंडित ठेवा, फक्त एकटा पाठवू नका.

सातवा समुद्र:
आणि वाटेत कुणाला काय विचारायला सांगितलंय ते लिहून घ्यायला एखादा शिष्यही द्या.

उंबरठा:
नकाशा शेवटच्या पानावर, पात्रं चालून दमल्यावर छापा, इतकं मी मान्य करीन. त्याहून एक पाऊलही मागे घेणार नाही.